लहानाचं मोठं

३ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

एका ग्रीक क्रियापदापाशी आमची धर्मग्रंथाच्या भाषांतराची समिती आठवडाभर अडून बसली आहे. एक्त्रेफो. मूळ अर्थ खाऊ घालून पोसणं. माणूस स्वतःच्या शरीराला पोसतो तिथेही हेच, आणि बापांनी मुलांना कसं वाढवावं हे सांगितलंय तिथेही हेच. कोणी 'संगोपन' म्हणतं, कोणी 'पालनपोषण'. आमचा शिरस्ता तुला ठाऊक आहे: शब्द ठरण्याआधी ग्रीक न येणाऱ्या माणसाला विचारायचं. तर तुझं मत कळव.

भिंगरीला या सुट्टीतही न्यायला जमत नाही. एवढा अध्याय हातावेगळा झाला की येतोच. तिची आई गेल्यापासून ती तुझ्याजवळ सुखात आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

१२ जून

चि. पंडितास, अनेक आशीर्वाद.

'संगोपन' वाचून मला दवाखान्यातला तक्ता आठवला. अरे, आपण म्हणतो लहानाचं मोठं केलं. तेच लिहा की! खाऊ घालणं हे त्यातलं निम्मंच. भिंगरीला रागावलं की ती जिन्यात जाऊन बसते. तेव्हा हाका मारायच्या नाहीत, मुकाट्याने शेजारच्या पायरीवर बसायचं. अकरा वर्षांत मला एवढंच ग्रीक आलं.

आता नीट ऐक. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन महिने धरा. तिला सांगितलेलं नाही. तू लगेच ये. मी हिंडतीफिरती आहे तोवर तिघं एका घरात राहू, म्हणजे ती तुला सरावेल. पोरीला परक्याच्या हाती सोपवून जायची मला भीती वाटते रे. परका म्हटलं म्हणून रागावू नकोस.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस, सा. न.

पत्र वाचून गाड्यांचं वेळापत्रक काढून बसलो. पण पाच जुलैला समितीचं अखेरचं वाचन आहे, त्यात तोच अध्याय, आणि तुझा शब्द मांडणारा मी एकटाच. सहा तारखेच्या गाडीने निघतो. दोन महिने म्हटलंय, तेव्हा दोन आठवड्यांनी काही बिघडणार नाही. भिंगरीला सांग, बाबा येतोय.

तुझा धाकटा

२९ जून

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

आत्या मंगळवारी सकाळी गेली. शेजारच्या शिंपीणकाकूंनी तुमच्या कचेरीत फोन केला होता. तुम्ही चर्चेत आहात, निरोप देतो, असं ते म्हणाले. निरोप मिळाला नसेल तर म्हणून हे पत्र.

शेवटचे दोन दिवस आत्या दाराकडे बघत होती. तुम्हालाही लहानपणी तिनेच भरवलं, असं सांगत होती. मला ते माहीत नव्हतं. मी काकूंकडे झोपते. त्या चांगल्या आहेत, पण मला आत्याच हवी.

तुम्ही मागे आलात तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात तुमचा एकच फोटो आहे, लग्नातला. तुम्ही आता कसे दिसता ते लिहा. स्टेशनवर गर्दी असते, मी चुकून दुसऱ्याच कुणाजवळ जाईन.

भिंगरी