एकादशीच्या घरी ठेवलेल्या कोंबड्या

आबा,

तुमच्या मुलीने कोंबड्या पाळल्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही भिंतीला टेकून बसाल. दोन होत्या. एक तांबूस, एक ठिपक्यांची. तांबूस कोंबडीला तुमची नात तिच्या धुळ्याच्या आत्याआजीच्या नावाने हाक मारते. दोघींची चाल पाहिली तर आत्यावर अन्याय झाला असं म्हणवत नाही. कोंबडीवर थोडा झाला असेल. आमच्या शेजारी सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई राहतात. मूळच्या पाचोऱ्याकडच्या, बौद्ध. त्यांच्या परसात पाच-सहा कोंबड्या, आणि शाळा सुटली की तुमच्या नातीचं दप्तर आपल्या घरात व ती स्वतः त्यांच्या परसात. एक दिवस त्यांनी दोन पिल्लं तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातली आणि कुंपणावरून मला म्हणाल्या, "बाई, पोरीले दिली. नाही म्हनू नका, आधी तिचं तोंड पाहा." तोंड पाहिलं आणि नाही म्हणणं राहून गेलं. अंधार पडायच्या आत कोंबड्यांवर टोपलं पालथं घालायचं आणि त्यावर दगड ठेवायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. त्याला डालणं म्हणतात. तुमच्या हाताखाली इतके धातू पाठ केले, हा एक राहिला होता. पुढे अंडी यायला लागली तेव्हा ती आम्ही त्यांनाच देत होतो. आपल्या घरात अंडं शिजत नाही, हे तरी अजून खरं आहे.

यंदा तुळशीची लग्नं लागताच पहिल्या मुहूर्तावर आपल्या धाकट्याच्या, माझ्या भावाच्या, मुलीचं लग्न धुळ्याला निघालं. कार्तिकी एकादशीच्या आधीच निघायचं होतं. कोंबड्यांचं काय करायचं, हा प्रश्न घरात कुणालाच प्रश्न वाटला नाही. नात म्हणाली, "काकूंकडे." तुमचे जावई वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, "शेजारी सांगून ठेव." आणि मी, आबा, भाकरी उलटता उलटता म्हणाले, "नको. त्यांच्याकडे दिवाळीचे पाहुणे येऊन-जाऊन असतात."

एवढंच म्हणाले. पुढचं बोलायची गरज नव्हती. जावयांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर केलं. नात म्हणाली, "पाहुणे आले तर काय होतं?" मी तिला म्हटलं, काकूंना ड्यूटी असते, किती त्रास द्यायचा. तुम्ही आम्हांला अन्वय लावायला शिकवताना सांगायचात, आधी क्रियापद शोधा, विशेषणं पळून जात नाहीत. माझ्या बोलण्यात ड्यूटी होती, त्रास होता, संकोच होता. क्रियापद एकच होतं: विचारलं नाही.

मग मी दुसरं घर शोधायला निघाले. समोरचे निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "आमच्या हिला पिसांनी दमा होतो." असोद्याहून येणाऱ्या दूधवाल्याने दोन्ही कोंबड्या हातात घेऊन अशा तोलल्या, की मी त्या घाईघाईने परत घेतल्या. शेवटी आमच्या शाळेतले गणिताचे सर आठवले. गावाच्या दुसऱ्या टोकाला घर, मागे पेरूचं झाड असलेलं अंगण, घरात कांदासुद्धा चढत नाही. मला वाटलं, याहून सुरक्षित जागा कोंबड्यांना त्रिभुवनात नाही. सर दयाळू, म्हणाले, "बाई, मुक्या जिवाची सेवा आहे. आणा."

निघायच्या आदल्या दिवशी रिक्षा दारात बोलावली. टोपल्यावर जुनं धोतर बांधलं, आणि शेजारच्या बाई नेमक्या ओट्यावर डाळ निवडत बसलेल्या. "कुठं निघाली सवारी?" आता सरळ उत्तर द्यायला काय झालं होतं? पण मी म्हणाले, "दवाखान्यात. जनावरांच्या. ही ठिपक्यांची जरा मलूल वाटते." त्यांनी सूप बाजूला ठेवलं, तशाच आल्या, धोतर सोडलं, ठिपकीला बाहेर काढलं. चोच उघडून घशात पाहिलं, पंख पसरून खाली पाहिलं, पोट चाचपलं. "काय व्हयनं वं माय तुले?" हे तिला. मग मला, "काई नाही झालं हिले. बाई, घाबरून जाता तुम्ही. कशाला नेता?" मी म्हटलं, नको, एकदा दाखवलेलं बरं. नात रिक्षात आधीच जाऊन बसली होती आणि दुसऱ्या बाजूला बघत होती. त्यांनी आत जाऊन लसणाच्या पाकळ्या कागदात बांधून आणल्या. "आल्यावर ठेचून द्या बाजरीत. डॉक्टरले नका सांगू, तो हसंल." ती पुडी मी पर्समध्ये ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना न भेटताच निघाले. धुळ्याला लग्नात अक्षतांसाठी पर्स उघडली, तर पहिला वास तिचा आला.

धुळ्याला तुमच्या घरासमोरून वरात गेली. तुम्ही गेल्यानंतर घर दुसऱ्यांचं झालं, खिडक्यांना हिरवा रंग दिलाय. मी मागे राहिले, आणि मला ती उन्हाळ्याची सुट्टी दिसायला लागली. आपण सगळे आजोळी निघालोय. तुमच्याकडे शिकवणीला येणारा तो मुलगा, आईच्या भाषेत 'तो तिकडच्या वस्तीतला', दारात उभा आहे, आणि तुम्ही त्याच्या हातात घराची किल्ली देताय. आई आतून तुम्हांला खुणा करते आहे. तुम्ही म्हणता, "घरात पुस्तकं आहेत, परीक्षा आहे, तो वाचत बसेल." परत आलो तेव्हा तुळस टवटवीत होती, कपाटातली पुस्तकं झटकलेली होती, आणि चूल जशी सारवून गेलो तशीच होती. इतके दिवस तो घरून आणलेल्या चटणी-भाकरीवर राहिला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हणाले, "बरं झालं, ओटा स्वच्छ राहिला." तुम्ही मला मारलं नाहीत, आवाजही चढवला नाहीत. "मी त्याला घर दिलं आणि स्वयंपाकघर द्यायला विसरलो," असं म्हणालात, आईकडे नाही, माझ्याकडेही नाही, चुलीकडे बघून. मग त्याला थांबवून घेतलंत आणि मला म्हणालात, "पान मांड. आज तू वाढणार, आणि तो उठेपर्यंत तू बसणार नाहीस." मी वाढलं. तो खाली मान घालून जेवला. मला राग आला होता, तो तुमचा. आणि भूक लागली होती.

परत आल्यावर सरांकडे गेलो. सर फाटकातच हात जोडून उभे. डोळे लाल. "बाई, पातक घडलं." घडलं ते असं: कोंबड्यांचा वास देवघरापर्यंत येतो म्हणून त्यांच्या पत्नींनी टोपलं रात्री अंगणात, पेरूखाली ठेवायला लावलं होतं. हात लावायचा नाही म्हणून सरांनी ते काठीने सरकवलं. वर दगड ठेवायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगायला विसरले होते. मुंगसाने ठिपकीला नेलं. बाकी व्यवस्था राजेशाही होती. भिजवलेले बदाम, पोळीचा कुस्करा. आणि एकादशीला घरात धान्य शिजत नाही म्हणून दोघींना साबुदाण्याची खिचडी. "मोठीने खाल्ली," सर म्हणाले, "धाकटीने नुसतं पाहिलं." म्हणजे आमची ठिपकी निर्जळी करून गेली. माझ्या तोंडावर हसू आलं, आबा, आणि त्याच वेळी नातीने माझा हात सोडला.

रिक्षातून उतरलो तर शेजारच्या बाई दारातच. "आल्या का? आनि दुसरी?" मला एक वाक्य तयार सापडलं होतं: दवाखान्यातच गेली. तोंडाशी आलंही होतं. पण नात म्हणाली, "काकू, आम्ही दवाखान्यात गेलोच नव्हतो. आम्ही लग्नाला जाणार होतो म्हणून सरांकडे ठेवल्या होत्या. मुंगसाने नेली." बाईंनी टोपल्यात डोकावून पाहिलं. मग हसल्या. "मी खाऊन टाकीन वाटलं का काय, बाई?" थट्टेनेच म्हणाल्या, आणि मी हसावं म्हणून थांबल्या. मी लगेच हसायला हवं होतं, "काहीतरीच काय" म्हणायला हवं होतं. मुलांना फळ्यावर समास सोडवून दाखवणारी बाई मी. त्या वेळी मला तेवढे दोन शब्द सुचले नाहीत. त्यांचं हसू हळूहळू उतरलं. "हातानं वाढवलेली कोन खातं?" एवढं म्हणून त्या आत गेल्या. दार लावलं नाही. नुसतं लोटून घेतलं.

तेव्हापासून त्या माझ्याशी शुद्ध बोलतात. "नमस्कार मॅडम. आज शाळा लवकर सुटली का?" एकही 'मले' नाही, 'तुमले' नाही. आयुष्यभर पोरांच्या बोलण्यातून मी जे काढून टाकत आले, ते कुणीतरी माझ्यासाठीच काढून ठेवलं, आणि मला ते ऐकवत नाही. नात पूर्वीसारखीच त्यांच्याकडे जाते. तिच्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलतात. कुंपणापलीकडून मला ऐकू येतं.

गेल्या आठवड्यात कळलं, त्यांच्या वहिनीचं बाळंतपण आहे, सगळ्यांनी पाचोऱ्याला जायचंय. मी गेले. पहिल्यांदाच त्यांच्या बैठकीत आत जाऊन बसले. इतकी वर्षं आमचं सगळं कुंपणावरच चाललं होतं. त्यांनी चहा केला, मी प्याले, आणि म्हटलं, "तुमच्या कोंबड्या माझ्याकडे ठेवा. मी डालीन, दगड ठेवीन, सकाळी सोडीन." त्यांनी कपबशी उचलली, बशी पुसली, पुन्हा पुसली. म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते."

या वाक्याचा अर्थ मला कळतो. मी ते जन्मभर लोकांना ऐकवलं आहे. मी ठीक म्हटलं, उठले, चपला घातल्या. तुम्हांला वाटेल, मला वाईट वाटलं. पायरी उतरताना मला हलकं वाटलं, आबा. सहा कोंबड्यांचा वास आमच्या ओट्यापर्यंत येणार नाही म्हणून. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.