मागे आलेला हात

आये, तू विसरलीच असशील. शेजारणीची कोंबडी आपल्या वाफ्यात कुठल्या दिवशी शिरली ते मरेपर्यंत तुझ्या ध्यानात होतं. लेकीचं कुठलं राहायला? मीच सांगते. उमेळ्याचं आपलं स्वयंपाकघर, चुलीवर खापरी, मातीचा तवा, मी आठ वर्षांची. तांदळाची भाकरी बोटांनीच उलटायची, उलथनं लागतं ती बाई कसली, हा तुझा नेम. मला चटका बसतो, हात झटकन मागे येतो, भाकरी राखेत. तू माझं मनगट धरलंस आणि बोटं परत खापरीवर टेकवलीस. "हात मागं घेतेस? सासरी काय करशील?" फोड बरे होईपर्यंत शाळा बुडाली, मग चूल गळ्यात पडली ती कायमची. म्हणून आज मी बोलतेय आणि लिहितेय नात.

नात नर्सिंग शिकते. परवा मोठ्यानं पाठ करत होती. डोक्यात मेंदू, त्याची दोरी पाठीच्या कण्यातून उतरते ती मज्जारज्जू, तिच्यातून अंगभर फुटतात ते मज्जातंतू. काही तंतू बातमी वर नेतात, काही हुकूम खाली आणतात. पण चटका बसला तर पाठीतली दोरी परस्पर हात ओढून घेते, मेंदूला मागाहून कळतं. तेवढं मी तिला तीनदा वाचायला लावलं. म्हणजे आये, तो हात मी मागे घेतलाच नव्हता. साठ वर्षं उगाच कामचुकार ठरले.

आता तुझ्या मनासारखं झालंय. साखरेच्या आजारानं माझ्या बोटांतले तंतू मेले. गेल्या आठवड्यात बोटं तव्यावर होती, कातडी जळल्याचा वास सुटला, तेव्हा नातीनं धावत येऊन हात ओढला. माझा हात जागचा हलला नव्हता. दे शाबासकी.

एक राहिलं. या नातीच्या आईची, माझ्या लेकीची बोटंही मी तशीच टेकवली होती, तुझंच वाक्य बोलून. फुलपाड्याला असते ती. नात येते, लेक माझा उंबरा चढत नाही. तिचाही हात तिनं मागे घेतला नव्हता, आये. लिही गं, थांबलीस का?

नात विचारते, "आईला वाचून दाखवू?" नको. जिला लिहिलं ती कधीच सरणावर जळून गेली, आणि लेकीला तोंडानं सांगायची माझी छाती नाही. घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेव. आईला चार भाकऱ्या ने, सोबत सुकटीचं कालवण. सांग, उलथन्यानं उलटल्यात.