दाराकडं तोंड केलेला राघू

झरी

प्रिय अर्पिता,

तू म्हणशील, आई पत्र कशाला लिहायलीय, फोन आहे की हातात. आहे बाई. पण गावाकडं यायचा विषय निघाला की तुझं 'ठेवते आई, ड्युटी आहे' सुरू होतं. पत्राला तसं मधेच ठेवता येत नाही. सासर सोडून तू लातूरच्या हॉस्टेलवर गेलीस ती दिवाळीच्या आधी. आता हरभऱ्याचं खळंसुद्धा उरकलं, तरी आपल्या घराचा उंबरा शिवली नाहीस. 'गावात कोणतं तोंड घेऊन येऊ' असं एकदा म्हणालीस, ते माझ्या काळजात रुतून बसलंय. असो. आधी ताजी खबर ऐक. तुझी आई या वयात राघू काढायला शिकली.

हसू नको. शेजारच्या रुख्मिणीकाकूच्या हरिओमचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे. दिनकररावांनी नवरदेवाचा बाप म्हणून दारात हे एवढं मोठं फ्लेक्स लावलं, नवरा-नवरीच्या फोटोंसकट. पण काकू अडून बसली, भिंतीवर राघू नसला तर ते लग्नघर कसलं! आता गावातल्या सगळ्या लग्नांचे राघू काढायची आपली बायनाबाई, आणि तिचा हात तर लय थरथरायलाय. चहाची बशी दोन्ही हातांनी धरते बिचारी. तिनं अख्ख्या गल्लीतून मलाच निवडलं. का, तर म्हणे माझी रांगोळी सरळ येते आणि मी कामात बडबड करत नाही. दुसरं खोटं आहे हे तुला माहीतच आहे.

तिनं शिकवलं ते असं, आधी एक कैरी काढायची, जरा कलती. तिला लांब शेपूट लावायचं, पाठीवर पंखाच्या रेघा मारायच्या, आणि चोच म्हणजे मिरचीचं वाकडं टोक. ऐकायला किती सोपं! माझ्या पाटीवर पहिल्या दिवशी कोंबडी उतरली. दुसऱ्या दिवशी शेपटीचं वांगं. तुझे आप्पा बाजेवर पडल्या पडल्या विचारायचे, 'अगं, ही अंड्यावर कधी बसायलीय?' मी खडू फेकून मारला, तर तो भलतीकडंच गेला. 'नेम बी तुझ्या चित्रासारखाच हाय,' म्हणाले. असले हसायलेत आजकाल, तुला खरं वाटणार नाही.

बायनाबाई मात्र एकदाही रागावली नाही. 'हाताकडं नगं बगू, राघूकडं बग,' एवढंच म्हणायची. मग मी सकाळी चुलीपाशी बसून आपल्या लिंबावरचे राघू बघू लागले. उभा जन्म ज्वारीवरून ज्यांना गोफणीनं हाकललं, त्यांची मान कशी वळते ते मला माहीत नव्हतं बघ. दोन भाकरी करपल्या, पण मान जमली.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. लेकीचं लग्न असलं की राघूचं तोंड रस्त्याकडं, कारण लेक जाणार. लेकाचं असलं की दाराकडं, कारण सून येणार. आणि डोळा सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी राघू काढला त्याच्याच हातानं. तुझ्या वेळी तू डोळा काढायला गेलीस आणि काजळाचा असा ठिपका पाडलास की राघू चकणा झाला. हळदीच्या अंगानं हसत हसत खालीच बसलीस तू. ती भिंत आम्ही पुसलीच नव्हती. दरवर्षी घर सारवायचं, चुना लावायचा, पण तेवढा तुकडा सोडून. चकणा राघू रस्त्याकडं बघत उभाच होता, रंग उडत चालला तरी.

काल काकूच्या भिंतीवर राघू काढला. हरिओमनं डोळा भरला. बायनाबाईनं आधी लांबून पाहिला, मग जवळ येऊन पाहिला, आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. लय सुख वाटलं गं. लहान पोरीसारखं रडू आलं.

थोडा रंग उरला होता, तो घेऊन संध्याकाळी घरी आले. बघते तर काय, आप्पांनी आपली सगळी भिंत चुन्यानं पांढरी करून ठेवलेली. तो जुना तुकडासुद्धा. मी तसाच ब्रश उचलला आणि राघू काढला. शेतातून परतणाऱ्या बाया थांबल्या. 'पंचफुले, चुकलीस की! तोंड दाराकडं केलंस. तुला कुठं पोरगा हाय सून आणायला?' सगळ्या खिदळायला लागल्या. आणि आपले आप्पा, जे बायकांसमोर मान वर करत नाहीत, ते बाजेवरून उठले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, 'चुकलं न्हाई. आमची लेक यायलीय.'

म्हणून हे पत्र. कुणाला काही उत्तर द्यायची तुला गरज नाही, ते देऊन झालंय. लग्नाला म्हणून ये, नाहीतर नुसतीच ये, आणि वाटेल तेवढी राहा. परभणीच्या स्टँडवर आप्पा येतील, गाडी कोणती तेवढं कळव. राघू छान झालाय, पण अजून त्याला डोळा नाही. काजळाची डबी कोनाड्यात ठेवलीय, कुणाला हात लावू दिला नाही. चकणा झाला तरी चालेल.

तुझीच,
अजून नखातला हिरवा रंग न गेलेली
आई