घरटी एक माणूस

२० ऑगस्ट २००७, सोम.
अमावास्येच्या उधाणात बांधाला पडलेली खांड वाढतेच आहे. गेल्या आठवड्यात खाडीचं पाणी आमच्या भातात शिरलं. कडेची रोपं पिवळी. पलीकडे जानूकाकूचं शेत अजून हिरवं. पुनवेआधी खांड बुजली नाही तर…

रविवारी घरटी एक माणूस, नानांनी सांगितलंय. गावचा बांध तेच बघतात. दादाला उरणच्या बंदरातून सुट्टी नाही. बाबांचा गुडघा. बाबा म्हणाले, "आपल्या शेताचा इसार झालाय. घेणारा बोलतोच, कशाला बांधता, पुढच्या साली भरावच टाकायचा हाय."

काकूने विकलेलं नाही. तिचं काय, हे विचारायचं राहिलं. राहिलं नाही, विचारलं नाही.

२२ बुध.
काल सं. देवळात बैठक. शेत विकलेली घरं माणूस देणार नाहीत, मजुरी देतील. नाना: "मी माणूस मागितला, पैसा नाय." शेजारचा बाळ्या: "पैशाने माणूसच येतो ना, नाना? का गाढव येतं?" सगळे हसले. मीही.

आज पनवेलला पतपेढीत दिवसभर तेच डोक्यात. बाळ्याचं चुकतं कुठे? मुकादमाची माणसं आमच्यापेक्षा बरं बांधतील. तरी पटत नाही. न पटायला कारण हवं.

२५ शनि.
मुकादमाने नाही म्हणून कळवलं. माणसं खारघरला भरावावर, तिथे रेट जास्त. बाळ्या म्हणे, अजून वर्गणी काढू. नाना: "काढ. ते पण वाढवतील."

बहुतेक हेच कारण. पैशाने आलेला जास्त पैशाने जातो. काकू कुठे जाणार?

उद्या आमच्या घरून मी. बाबांना सांगितलं.

२६ रवि.
पहाटे ओहोटीला गेले. माणसं निम्मीच. पण बाळ्या आला होता! मजुरी देऊनसुद्धा. मला बघून, "घराचा माणूस म्हणून तू? बाईमाणूस अर्धं धरायचं का, नाना?"

काकू चिखलातूनच ओरडली, "धर अर्धं! ही नि मी मिळून एक. तू पाव का अदपाव, ते सांग मेल्या!"

हसण्यात चिखलाचे गोळे हातातून निसटले. नानांनी सगळ्यांनाच झापलं.

भरती लागली तेव्हा दोन हात खांड उरली होती. पाणी चढताना नवा चिखल थोडा सुटला. मी पाहिलं. कुणाला बोलले नाही. सांगायला हवं होतं का?

२७ सोम.
कामाला जाताना काठावरून ओरडून नानांना चिखल सुटल्याचं सांगितलं. "बघितलंय गो," म्हणाले.

उद्या नारळी पुनव. मोठं उधाण दुपारी. त्याआधी ओहोटीला उरलेलं बुजवायचं. रजा बिनपगारी मिळाली. साहेब: "शेत विकलंत ना? मग?" उत्तर होतं, पण खिडकीशी माणसं उभी होती.

सं. भाकऱ्या थापताना बाबा चुलीपाशी आले.
"माझ्या पण दोन बांध."
मी गुडघ्याकडे बघितलं.
"तो गेला. हात हायेत ना? बसून गोळे करीन."

एका घराची दोन माणसं चालतात का? पहाटे नानांना विचारायला हवं.