हॉलमधला समुद्र

१८ मार्च
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय नोंदींसाठी. कोणाला दाखवायची नाही. आधी यश, मग बोलणं.

काचेची टाकी आली. हॉलमध्ये टीव्हीच्या जागी बसवली, टीव्ही बाबांच्या खोलीत. रंजिता लग्नापासून म्हणते, एकदा समुद्र पाहायचा. यंदा मे महिन्यात कोकणात जायचं ठरलंही होतं. पण मी विचार केला, कोकणात जाऊन माणूस काय पाहतो? वरचं पाणी. खरा समुद्र खाली असतो. मग तोच घरी का आणू नये? ट्रिपचे पैसे इकडे वळवले. समुद्राचा मासा, समुद्राचे कोरल म्हणजे जिवंत प्रवाळ, आमच्या सिंदी रेल्वे गावात! कापसाच्या जिनिंगचा सीझन संपत आलाय, मला वेळच वेळ.

रंजिताला सांगितलं. काही बोलली नाही. आनंदानं माणसाला शब्द सुचत नाहीत.

२२ मार्च
समुद्री मिठाची थैली आली. नागपूरचा दुकानदार रजत फोनवर म्हणाला, लागेल तसं थोडं थोडं कालवा. दुकानदार असंच म्हणणार. मी अख्खी थैली एकदाच ड्रममध्ये कालवली. रोजची कटकट संपली.

अंगणात आता दोन निळे ड्रम. सारखेच. घोळ होऊ नये म्हणून झाकणांवर रंगानं लिहिलं : एकावर 'समुद्र', दुसऱ्यावर 'कूलर'. घरात शिस्त लागते ती अशी.

६ एप्रिल
मासे आले! दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. सोबत दोन कोरल. रजत म्हणत होता, टाकी अजून महिनाभर नुसती चालू द्या. मी टाकीच्या पुस्तकातलं सगळं वाचलंय. त्याला तेवढं सांगितलं नाही, वाईट वाटलं असतं.

रंजितानं विचारलं, हे मासे कोणत्या समुद्रातले. मी म्हणालो, हे टाकीतच जन्मलेले, जास्त काटक. तर म्हणे, "म्हंजे आपल्या घरात कोनंच समुद्र नाई पाह्यला." विनोदी स्वभाव आहे तिचा.

लग्नाचा वाढदिवस ८ मे. त्या दिवशी टाकीचं रीतसर उद्घाटन. पडदा वगैरे.

१७ एप्रिल
पारा चढला. टाकीचं पाणी कोमट. रजतनं थंड करायचं मशीन सुचवलं. मी कूलर सुचवला. बाबांच्या खिडकीतला कूलर काढून हॉलमध्ये आणला, तोंड टाकीकडे. बाबा म्हणाले, "अन् मी काय करू?" मी म्हणालो, तुम्हीपण हॉलमध्ये या. आता सगळे एका खोलीत, एका हवेत झोपतो. कुटुंब जवळ आलं. हा फायदा पुस्तकात नाही.

कूलरमध्ये बादल्या ओतायचं काम रंजिताकडे, टाकीचं पाणी बदलायचं माझ्याकडे.

२३ एप्रिल
संध्याकाळी जोराची वावटळ. दोन्ही ड्रमांची झाकणं उडून शेजारच्या शालूताईंच्या अंगणात. आणून बसवली. शालूताई बचत गटाच्या अध्यक्ष. म्हणत होत्या, गटाच्या बायका मे महिन्यात समुद्र पाहायला मुरुडला चालल्यात, रंजिताले पाठवा. मी नुसता हसलो. ज्याच्या घरात विहीर, तो पाणी प्यायला गावाला जात नाही, एवढंच म्हणालो.

२७ एप्रिल
महत्त्वाची नोंद!! बाबा सकाळी उठून ओठ चाटत म्हणाले, "काऊन रे, हवा खारट लागून राह्यली." मीही चाटून पाहिलं. खरंच खारट. रंजिताचे केस चिकट झालेत. दोरीवरच्या माझ्या शर्टावर पांढरे डाग. खिडकीच्या गजांना हात लावला तर दमट.

निष्कर्ष : टाकीमुळे घरात किनारपट्टीचं हवामान तयार होतंय. एवढी अपेक्षा मीपण केली नव्हती. रंजिताला म्हणालो, घे, समुद्राचा वारा. ती म्हणाली, तुळस काऊन सुकून राह्यली ते पाहा. तुळशीला ती रोज कूलरच्या ड्रममधलं पाणी घालते. उन्हाळा आहे, तुळस सुकणारच.

खारटपणा मोजायची नळी मात्र बिघडली. आकडा रोज कमी दाखवते. रजतकडे तक्रार केली.

३० एप्रिल
रजत म्हणतो नळी चांगली आहे. त्याचंच खरं धरलं, उगाच वाद नको. खारटपणा वाढवायला 'समुद्र' ड्रममधून दोन बादल्या जास्तीच्या बदलल्या. आकडा आणखी खाली. आणखी बदलल्या. आणखी खाली. नळी शंभर टक्के बिघडलेली.

कोरल मिटून बसलेत. आराम करत असावेत. मासे कोपऱ्यात, अंगाला अंग लावून. प्रेम.

२ मे
कूलर बंद पडला. पंप जाम. जाळीवरचं गवत पांढरं, कडक. मेड इन कुठलं कोण जाणे. बाबांना दुपारभर पुठ्ठ्यानं वारा घातला. ते म्हणाले, "माह्या खिडकीत होता तवा बारा वर्सं चालला." वयामुळे माणूस जुन्या गोष्टी उगाळतो.

३ मे
हे लिहू की नको? शास्त्रीय नोंद म्हणून लिहितो.

रंजिता अंगणात गेली. 'कूलर' लिहिलेल्या ड्रममध्ये बोट बुडवलं आणि चाटलं. मग 'समुद्र'मध्ये बुडवलं, चाटलं. मग मला हाक मारली. मला आधी कळेना ती बोटं काय चाटतेय.

म्हणजे वावटळीनंतर झाकणं उलटी बसली. म्हणजे दहा दिवस कूलर समुद्र फेकत होता आणि मी टाकीत नळाचं पाणी ओतत होतो. झाकणं मीच बसवली हे खरं, पण ती उडवली वाऱ्यानं. रंग फक्त झाकणांवर द्यायचा हा विचार त्या वेळी योग्यच होता.

रंजिता ओरडली असती तर बरं झालं असतं. "आता मासोयीचं पाहा," एवढंच म्हणाली आणि तुळशीची कुंडी धुवायला घेतली.

५ मे
मीठ संपलेलं. रजतनं पार्सलनं पाठवलं. घाईत कालवलं. घाई करू नका म्हणाला होता, पण तो नागपुरात बसून बोलतो, इथे मासा माझ्या डोळ्यांसमोर तडफडतोय. दोन्ही कोरल गेले. एक मासा गेला. दुसरा पंपाच्या मागे लपलाय, बाहेर येत नाही. मी काचेवर टकटक केली. सॉरी म्हणालो. घरात कोणी नव्हतं.

८ मे
उद्घाटन रद्द करणार होतो, पण बायकांना आमंत्रण जाऊन बसलेलं. शालूताई आणि गटातल्या सगळ्या आल्या. पडदा मीच ओढला. आत करडे दगड. मासा दिसेना. बराच वेळ सगळ्या वाकून पाहत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "पानी मस्त साफ हाय." मग मासा थोडा बाहेर आला तर टाळ्या वाजवल्या. चांगल्या बायका आहेत.

रंजितानं पोहे केले. माझ्याबद्दल एक शब्द वाकडा बोलली नाही, कोणी विचारलं तरी. मला ते फार लागलं.

निघताना शालूताई म्हणाल्या, मुरुडची एक सीट रिकामी झाली. रंजितानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, जायचं तर जा, पण तिथेपण असंच असतं, पाणी आणि दगड. ती म्हणाली, "असन. तरी पाहून येतो मी."

१२ मे
रंजिता गेली. स्टेशनवर पोचवून आलो. डब्यात सगळ्या एकदम हसत होत्या, कशावर ते कळलं नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून सांगितलं, मासोयीले सकायी चिमूटभरच खाऊ द्या, मामाजीले, म्हणजे बाबांना, दुपारी ताक द्या.

संकल्प : ती येईपर्यंत मासा ठणठणीत. एवढं एक तरी करून दाखवायचं. बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

१४ मे
सकाळी मासा बाहेर आला, खाल्लं. मला फार बरं वाटलं. बाबांना बोलावून दाखवला.

दहा वाजता लाइट गेली. बारापर्यंत येईल, वीज ऑफिसवाले म्हणाले. आली नाही. हवा सोडणारा पंप बंद, पाणी तापायला लागलं. बर्फ आणायला बाजारात गेलो तर सरबतवाल्याकडेही लाइट नाही, बर्फ नाही. ओला पंचा टाकीवर घातला. बाबा एका बाजूनं पुठ्ठा हलवत होते, मी दुसऱ्या बाजूनं. दोघंही घामानं निथळत होतो. बाबांना म्हणालो तुम्ही पडा, तर म्हणाले, "राहू दे, जिवंत हाय तो."

चारला मासा तळाशी आडवा झाला. लाइट पाचनंतर आली.

बाबांनी कढीपत्त्याखाली खड्डा केला. मला काही करावंसं वाटेना.

रंजिताला आत्ता कळवायचं नाही. ती यायच्या आत नागपूरहून तसाच दुसरा आणायचा. तिला फरक कळणार नाही. रजतला फोन केला. म्हणतो, या उन्हात मासे मागवत नाही, पावसाळ्यानंतर बघू.

१५ मे
संध्याकाळी रंजिताचा व्हिडिओ कॉल. आधी काहीच कळेना, नुसता घोंघावणारा आवाज आणि तिचे उडणारे केस. मग तिनं फोन फिरवला.

बाबा माझ्या खांद्यावर वाकून पाहत होते. ते संपतच नव्हतं. इकडून तिकडे नुसतं पाणी, आणि पुन्हा पुन्हा येत होतं. मला दगड वगैरे कुठे दिसले नाहीत.

फोन पुन्हा तिच्याकडे वळला. चेहरा ओला, पदर खोचलेला. इतक्या मोठ्यानं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं, आठवून पाहिलं. तिनं विचारलं, मासोयी कशी हाय? मी म्हणालो, मजेत.

मग न ठरवताच तोंडातून गेलं, की मीपण यायला हवं होतं गं.

ती म्हणाली, "तुमी आले असते तं मासोयीले कोनं पाह्यलं असतं? तुमी घरी हा म्हनून तं मी बिनघोर पान्यात उतरलो."

मी म्हणालो, हो, तेही खरं.