चार वाजून सतरा मिनिटांची शिट्टी

तीर्थरूप मामांच्या चरणी घड्याळवाल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा तो कागदावरच घातला असे समजावे.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात उजवा लिहिला होता, त्याच्या आधीच्या पत्रात डावा. दोन्ही असतील तर तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे आमच्या हिला काळजी नीट वाटून घेता येईल. मामींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे ठीक. दुकानात दुरुस्तीला आलेली तीनशे बारा घड्याळे आहेत, त्यांतली निम्मी मालक विसरून गेले आहेत आणि उरलेल्या निम्म्यांचे मालक दिवसाआड येऊन डोके खातात.

तुमचे पोस्टकार्ड आणि मागोमाग जाडजूड पाकीटही मिळाले. कार्डात तुम्ही लिहिता की जुन्या वाफेच्या इंजिनांच्या मेळाव्याची स्मरणिका छापायला जायची वेळ झाली, सगळ्या हौशी मंडळींच्या आठवणी आल्या, एक तुझीच नाही. तुला लिहिता येत नाही की तू तिथे नव्हतास? मामा, मी तिथे होतो. सकाळी सहापासून होतो. आयुष्यभर इंजिन चालवलेला माणूस गुडघ्यापायी घरी बसला आणि लोकांच्या आठवणी वाचून मेळावा पाहतो आहे, याचे मला वाईट वाटत नाही असे नाही. पण नमुन्यादाखल म्हणून तुम्ही त्या तेवीस आठवणींची चळत मला वाचायला पाठवलीत, हे काही बरे केले नाहीत. पहिल्यांदा वाचताना माझा चहा गार झाला. दुसऱ्यांदा वाचताना मी चहा मागितलाच नाही.

मी हेवा करणाऱ्यांतला नव्हे, हे तुम्ही जाणताच. (धाकट्या भावाच्या तिचाकीचे चाक लहानपणी मी काढले होते ते आतली रचना पाहण्यासाठी, आणि ते परत बसले नाही हा तिचाकीचा दोष.) पण माणसाला काही हक्क असतो की नाही? मी सात वर्षांचा असताना तुम्ही मला उचलून तुमच्या इंजिनावर घेतलेत. भट्टीच्या उजेडात तुमचे तोंड तांबडेलाल दिसत होते. शिट्टीची दोरी डोक्यावर लोंबत होती. मी टाचा उंच केल्या, उड्या मारल्या, पण हात पोचेना. तुम्ही म्हणालात, मोठा झालास की ओढ. मामा, मी सांगितल्याप्रमाणे मोठा झालो. तोवर तुमच्या लोकांनी वाफेची इंजिने बंद करून टाकली. त्या दोरीची मी पन्नास वर्षे वाट पाहिली आहे, आणि हे तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

आता आमच्या साडूबुवांकडे वळतो. साडू म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, दातांचा डॉक्टर. याचे इंजिनप्रेम अवघे तीन वर्षांचे. इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याची कवळी बसवता बसवता त्याच्या गोष्टी ऐकल्या (त्या बिचाऱ्याला आ वासून सांगाव्या लागल्या असतील) आणि हा वेडा झाला. पितळी बटणांचा कोट शिवला, बिल्ल्याची टोपी घेतली, माझ्या हाताएवढ्या लांब नळीचा कॅमेरा घेतला. आयत्या पिठावर रेघोट्या! मी पन्नास वर्षांत एक टोपी घेतली नाही, कारण खऱ्या प्रेमाला टोपी लागत नाही. शिवाय तिची किंमत फार होती.

मेळाव्याला नऊ इंजिने आली होती. त्यांतले सगळ्यांत जुने, बुटके, लांब धुराड्याचे जे, त्याला सगळे ‘म्हातारी’ म्हणतात. बॉयलर तपासणाऱ्या साहेबांनी बजावले होते की हिला आता फार वाफ सोसत नाही, एक लांब शिट्टी वाजवा आणि गप्प बसवा. म्हणून ठरले की अध्यक्षांचे भाषण संपले की म्हातारीची शिट्टी, आणि तिच्यामागून उरलेल्या आठांच्या. ती ओढण्याचा मान चिठ्ठी काढून द्यायचा. टोपीतून चिठ्ठ्या काढल्या (टोपीही साडूचीच). पहिली चिठ्ठी साडूची निघाली. दुसरी, म्हणजे राखीव, माझी.

राखीव माणसाला काहीतरी काम हवे, म्हणून कार्यवाहबाईंनी मला छत्र्यांच्या खोलीत बसवले. मागे कोणीतरी छत्रीच्या टोकाने चाकाचा रंग खरवडला होता, तेव्हापासून इंजिनांजवळ छत्रीला बंदी आहे. आणि आभाळ भरलेले असल्याने प्रत्येकाने छत्री आणली होती. बाई म्हणाल्या, तुम्ही तीनशे घड्याळे चिठ्ठ्या लावून सांभाळता, तुमच्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाही. स्तुतीने मी विरघळलो, आणि ती खोली पाहिल्यावर घट्ट झालो. पूर्वी तिथे कंदील ठेवत. खिडकी एकच, आणि तिच्यासमोर वीतभर अंतरावर भिंत. एकशे शहाऐंशी छत्र्या, पैकी एकशे एकाहत्तर काळ्या. सकाळपासून मी पत्र्याचे बिल्ले देत होतो आणि भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकत होतो. कानाने मी नऊही इंजिने ओळखली, मामा. एकाचा डावीकडचा ठोका चुकतो, ते कोणाच्याही आठवणीत आलेले नाही, कारण ज्यांना डोळ्यांनी पाहायला मिळते ते कान कशाला वापरतील!

आणि काय त्या आठवणी! पोस्टमन लिहितो, पहाटे भट्ट्या पेटताना पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आले. (धूर गेला असेल.) शाळेतल्या बाई लिहितात, केसांना लागलेला कोळशाचा वास जाऊ नये म्हणून त्यांनी तीन दिवस केस धुतले नाहीत. मला वास आला तो एकशे शहाऐंशी ओलसर छत्र्यांचा, आणि मी त्याच संध्याकाळी डोके धुतले. हेही एक वेळ सोसले असते. पण तेविसांपैकी सतरा जणांनी त्या शिट्टीबद्दल लिहिले आहे. बरोबर सतरा, मी खुणा करून मोजले. अध्यक्षांचे भाषण सत्तेचाळीस मिनिटे चालू होते, लोक या पायावरून त्या पायावर होत होते, आणि एकदम म्हातारीने जी किंकाळी फोडली ती आयुष्यभर विसरता येणार नाही, असे बेकरीवाला लिहितो. बाई लिहितात की अंगावर काटा आला. पोस्टमनच्या डोळ्यांत पुन्हा पाणी. आणि सतराच्या सतरा जण शेवटी लिहितात: धन्य ते डॉक्टर!

तेविसावी आठवण खुद्द डॉक्टरांची आहे. त्यात शिट्टीचा शब्द नाही! रुळांवरचे गवत, तेलाचे डबे, ड्रायव्हरच्या हातावरचे डाग, सगळे आहे, शिट्टी नाही. याला म्हणतात विनयाचा आव. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कारण, मामा, ती शिट्टी मी वाजवली.

झाले असे की म्हातारीच्या ड्रायव्हरची दाढ सकाळपासून ठणकत होती. चार वाजता गाल टरारून फुगला. दोरी ओढायला म्हणून साडू आधीच वर चढून कोट नीट करत उभा होता. त्याने ड्रायव्हरला आ करायला सांगितले, आणि उजेडात नीट दिसेल म्हणून त्याला पाण्याच्या टाकीपलीकडच्या मोकळ्या जागेत घेऊन निघाला. नेमका मी त्याच वेळी तिथे गेलो होतो. (का गेलो होतो? एका गृहस्थांची छत्री परत करायला. ते गृहस्थ सापडले नाहीत. खरे सांगायचे तर ते गृहस्थ नव्हतेच, छत्री माझीच होती.) साडू मला म्हणाला, दादा, पाच मिनिटं वर उभे राहा, इंजिन एकटं सोडायचं नाही, आणि कशाला हात लावू नका.

पाच मिनिटे मी हात लावला नाही. दहा मिनिटेही लावला नाही. सगळ्यांची तोंडे व्यासपीठाकडे होती. भट्टीतून तोच तांबडा उजेड येत होता. दोरी लोंबत होती, आणि या वेळी ती माझ्या खांद्याशी होती. चार वाजून सतरा मिनिटांनी मी ती ओढली. अकरा सेकंद. घड्याळवाल्याने मोजले आहेत, एकाचाही फरक नाही.

त्यानंतर मी जे केले ते लिहायला मला आवडत नाही. मी पळालो. या वयात, उसण भरलेल्या पाठीने, उघडी छत्री घेऊन (ती का उघडली, देव जाणे) थेट खोली गाठली. लोक वळून, वाफेचा ढग विरल्यावर पाहतात तो साडू धावत येऊन वर चढलेला आणि हलणारी दोरी हातात धरून उभा. टाळ्यांचा कडकडाट! भिंतीपलीकडून मी ऐकला. अध्यक्षांनी भाषण तिथेच गुंडाळले आणि रीतसर शिट्टीची खूण केली. साडूने दोरी ओढली तेव्हा म्हातारी नुसती ‘फुस्स’ म्हणाली. वाफ संपली होती. लोक हसले आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्याही त्यालाच.

तेव्हा माझी आठवण का आली नाही ते तुम्हांला कळले असेल. मामींना नमस्कार, गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक द्यावा.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. मुद्द्याचे राहिले. स्मरणिकेत सतराही ठिकाणी ‘डॉक्टर’ खोडून ‘घड्याळवाले’ असे करावे. संपादक तुम्ही आहात, लेखणी तुमच्या हातात आहे, आणि मोठा झालास की ओढ हे शब्दही तुमचेच आहेत. पळालो तो भाग जागेअभावी गाळला तरी चालेल.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालणार तोच मेव्हणी आली, तिने स्वयंपाकघरात हिच्याशी काही कुजबुज केली, आणि ती गेल्यावर हिने माझे पत्र मागून घेऊन वाचले. (ही माझी सगळी पत्रे वाचते, शुद्धलेखनासाठी.) वाचून झाल्यावर हिने माझ्याकडे असे पाहिले की त्यापेक्षा ओरडली असती तर बरे झाले असते. मग तिने मेव्हणीचे बोलणे सांगितले: भाषण चालू असताना शिट्टी वाजवल्याबद्दल अध्यक्षांनी साडूला शिस्तभंगाचे पत्र पाठवले आहे. पहिल्या चिठ्ठीवाला म्हणून पुढच्या मेळाव्यात त्याला दिवसभर इंजिनावर राहण्याचाही मान मिळणार होता, तो रद्द. एकाही इंजिनाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. त्याने त्या दिवशी मला छत्री घेऊन पळताना पाहिले होते. तरी त्याने दोरी आपणच ओढली म्हणून अध्यक्षांना सांगितले, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, दादांना बोलू नकोस, ते आयुष्यभर वाट पाहत होते.

रद्द झालेला मान राखीव माणसाला मिळतो. तसे पत्र मला मंगळवारी आले. (ते मी वर लिहिले नाही. मला वाटले, माझी योग्यता उशिरा का होईना कोणाच्या तरी लक्षात आली.) दिवसभर, मामा! सकाळी भट्टी पेटण्यापासून संध्याकाळी विझेपर्यंत.

मला त्याचा फार हेवा वाटतो. टोपीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही. इतके मोठे मन आपल्या घरात असावे आणि तेही त्याच्याच अंगात असावे, हे मला सोसत नाही. तरी पत्र आहे तसे छापा, पळालो तेही छापा, आणि एक प्रत अध्यक्षांना पाठवून त्याचा मान त्याला परत द्यायला सांगा. मला पुन्हा छत्र्या द्या. लवकर छापायला पाठवा. परवापर्यंत माझे ‘छापू नये’ असे दुसरे पत्र येईल, ते उघडू नका.

ता. क. तिसरा. साडू आत्ता बायकोची विसरलेली पिशवी न्यायला आला आहे. तो पोस्टावरूनच जाणार, म्हणून हे पत्र टाकायला त्याच्याच हाती देतो आहे. पाकीट दोन्ही बाजूंनी डकवले आहे.  तो पायात चपला घालता घालता म्हणाला, “दादा, माझ्या हाती तर नुसतं फुस्स झालं. खरी शिट्टी वाजते तेव्हा वर उभं राहून कसं वाटतं हो?”

मी म्हटले, नाही बुवा आठवत.

मामा, मला सगळे आठवते. पण मान परत दिला, त्याच्या नावावरचा डाग पुसला, वर कसे वाटते तेवढे मात्र त्याला नाही सांगितले. पुढच्या मेळाव्याला कळेल की त्याचे त्याला.