फ्लोरेन्सला भरलेली ओटी

प्रिय आई,

गाडी इटली सोडून जर्मनीकडे निघाली आहे. समोरच्या सीटवर बाबा झोपलेत, तोंड थोडंसं उघडं, मांडीवर पिशवी आणि पिशवीत नारळ. त्यांच्या शेजारी तुझा जावई समीर मोबाईल बघत बसलाय. माझ्या शेजारची सीट रिकामी आहे. ती तुझी. चौघांची तिकिटं पावसाळ्यातच काढली होती, आणि नंतर तुझं तिकीट रद्द करायला माझा हात धजला नाही. आता तिथं बाबांचा कोट आणि शेवेचा डबा बसलाय.

मी फार थकलेय गं. आणि आज सकाळी बाबांनी मला असं काही सांगितलं की तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवेना. म्हणून लिहितेय. देवासच्या हिंदी शाळेत शिकलेल्या मुलीचं मराठी आहे, चुका निघाल्या तर हसून घे.

ही सहल तुझ्यासाठी होती. घरातली पहिली ग्रॅज्युएट, नर्स होऊन म्युनिकला गेलेली, आईला जग दाखवणार! केवढा उत्साह होता मला. गणपतीच्या आधी तू फोनवर म्हणालीस, "ये ना, मनू. चार दिवस ये. इटली काय पळून चाललीय?" आणि मी काय म्हणाले? "सुट्ट्या जपून ठेवल्यात आई, नाताळासाठी."

तू "बरं" म्हणालीस. का म्हणालीस? भाजीत मीठ कमी पडलं तर भांडायचीस, मग तेव्हाच का नाही भांडलीस?

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी तू गेलीस. मी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. जपलेली सुट्टी तुझ्या तेराव्याला वापरली.

मग नाताळात ही सहल करायला मी दोन महिने इतरांच्या ड्युट्या करून दिल्या. समीर म्हणाला, राहू दे. पण बाबा म्हणाले, "तिनं बॅग भरून ठेवलीय. जाऊ या." खरं सांगू? माझाही एक बेत होता. बाबांनी आता देवासच्या रिकाम्या घरी परत जाऊ नये, आमच्याकडेच राहावं. त्याच्या अर्जांची फाईलसुद्धा तयार करून ठेवली होती. इटली बघून त्यांचं मन इकडे रमेल असं मला वाटलं होतं. त्यांना मात्र विचारलं नव्हतं.

रमले कसले! रोमला त्या प्रचंड पडक्या इमारतींसमोर दोन तास रांगेत उभं राहून आत गेलो, तर बाबा म्हणाले, "हे असं तर मांडूच्या किल्ल्यावर कितीतरी आहे. आणि तिथं वर मक्याचे गरम दाल-पानिये खायला मिळतात." समीर मांडूशेजारच्या धारचा, त्याला तर तेवढंच हवं होतं. "बाबा, मांडूत रांगसुद्धा नाही!" दोघं तिथंच बसले आणि मांडूच्या आठवणी काढत राहिले. मी एकटीच माहितीच्या पाट्या वाचत फिरले. जेवताना बाबांनी डबा उघडून पास्त्यावर शेव घातली, आपण पोह्यांवर घालतो तशी. वेटर बघत राहिला. बाबांनी त्यालाही दिली. त्यानं खाल्ली आणि आणखी मागितली. तू असतीस तर डोळे मोठे करून त्यांना गप्प बसवलं असतंस, आणि मग स्वतःच्या ताटातही घेतली असतीस.

मी सारखी घड्याळ बघत होते. पुढचं काय, पुढची गाडी कुठली. सगळ्यांना दाखवायचंच, हे मी ठरवलं होतं ना!

फ्लोरेन्सला चित्रांच्या संग्रहालयात दालनंच्या दालनं एकच चित्र: कडेवर बाळ घेतलेली आई. बाबा प्रत्येकीसमोर कानटोपी काढून नमस्कार करायचे. "बाबा, चित्रं आहेत ती," मी म्हटलं. "असू दे. आपल्याला काय माहीत," म्हणाले. शेवटी मी कंटाळून बाहेर येऊन बाकावर बसले.

संध्याकाळी नदीपलीकडच्या एका छोट्या चर्चमध्ये शिरलो, पाय दुखत होते म्हणून. आत तीच आई, लाकडाची, निळ्या वस्त्रातली, पुढे मेणबत्त्या. बाबांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढली. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

"हे काय?"

"तुझ्या आईनं बांधलंय. दसऱ्याला आपल्या देवासच्या टेकडीवरच्या दोन्ही देवींचं दर्शन घेऊन आली आणि बसली बांधायला. म्हणाली, मनू सांगते तिकडे गावोगाव बाळ घेतलेली आई आहे. मग रिकाम्या हातानं कसं जायचं? घे, भर ओटी."

तुला माहितीय मी काय म्हटलं असेल.

"मी ओटी भरत नाही, बाबा."

"आज पण?"

"आज पण."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षीची ती संक्रांत आठवते ना? घरात हळदीकुंकू होतं, सगळ्या गल्लीतल्या बायका आल्या होत्या, आणि शेजारच्या वसूकाकूंना बोलावलं नव्हतं. काकांना जाऊन सहा महिने झाले होते. त्या खिडकीत उभ्या होत्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकूंना जी चालत नाही ती ओटी मी आयुष्यात भरणार नाही." आणि उठून त्यांच्याकडे जाऊन बसले. रात्री तू एवढंच म्हणालीस, "शिकली म्हणजे आता सगळ्यांना शिकवायलाच निघाली." तेव्हापासून तू मला कधी ओटी भर म्हणाली नाहीस, आणि मीही माझं खरं केलं.

मग बाबांनीच भरली. त्यांना काय येतंय! पदर नाही म्हणून मफलर पुढे घेतला. नारळाची शेंडी देवीकडे हवी एवढं आठवलं त्यांना. तांदूळ ओंजळीत घेतले, तर निम्मे फरशीवर सांडले. मी दोन हात अंतरावर उभी होते आई, आणि पुढे झाले नाही. आपलं म्हणणं इतकं घट्ट धरून ठेवायची मला सवय झालीय की हात मोकळेच राहत नाहीत.

तेवढ्यात चाव्यांचा जुडगा घेऊन तिथला म्हातारा रखवालदार आला. इटालियनमध्ये भराभर काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, राग कळला. त्यानं खण-नारळ उचलून बाबांपुढे धरला, हे घेऊन जा म्हणून. आणि बाबांनी काय करावं? टेकडीवर पुजारी नारळ परत पदरात घालतो ना, तसा तो मफलरमध्ये घेतला, कपाळाला लावला आणि त्या माणसाला वाकून नमस्कार केला!

तो गडबडलाच. झाडू आणून समीरच्या हातात दिला आणि निघून गेला. समीर "सॉरी, सॉरी" म्हणत तांदूळ गोळा करत बसला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. प्रसाद दिला."

रात्री मी त्यांना खरं काय ते सांगावं का, याचा विचार करत झोपले.

आज सकाळी गाडीत संत्रं सोलता सोलता बाबा आपणहून म्हणाले, "तो माणूस रागावला होता गं. तीस वर्षं कारखान्यात काढली, रागावलेला सुपरवायझर मला ओळखू येणार नाही का?"

"मग नमस्कार कशाला केलात?"

"त्यानं हातात दिला ना. फेकला तर नाही." मग संत्र्याची फोड माझ्या हातात देत, "वसूवहिनींना सांगायला पाहिजे, ओटी पोचली म्हणून."

"काकूंना? का?"

"पुरचुंडी दोघींनी मिळूनच तर बांधली. तुझ्या आईनं बोलावून आणलं. त्या नको नको म्हणत होत्या. ही म्हणाली, मनू म्हणते तेच बरोबर आहे वहिनी, उशीर झाला मला, पण तांदूळ तुम्हीच घाला. कुंकू लावलं त्यांना. मग दोघी रडत बसल्या. मला चहासुद्धा कुणी विचारला नाही."

आई! हे मला का नाही सांगितलंस? रोज फोनवर पोहे केले की उपमा केला ते सांगायचीस. एवढं एक सांगायला काय झालं होतं? की इथे, त्या बाळ घेतलेल्या आईसमोर सांगणार होतीस? मला ओटी भरायला लावून, मग हळूच? आणि मी ती भरलीच नाही. तू माझं ऐकलंस, आणि मला पत्ताच नाही.

बाबा पुढे म्हणाले, "नारळ देवासला फोडायचा. फेब्रुवारीत मला घरी पोचव, मनू. माझी माणसं तिथं आहेत." मी तोंड उघडलं, फायलीबद्दल सांगायला. समीर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "जाने दे ना यार. सबको तू ही बताएगी क्या?"

मी तोंड मिटलं. वाद घालायचं त्राणही नव्हतं, आणि तो खरं तेच बोलत होता.

बाबा आत्ता जागे झाले. विचारतायत, "कुणाला लिहितेस एवढं?" म्हटलं, आईला. ते पिशवी चाचपून म्हणाले, "मग लिही, खण मळलेला नाही."

फाईल मी फाडून टाकेन. फेब्रुवारीत मी स्वतः बाबांना घेऊन येते, माझ्याजवळ उरलेल्या सगळ्या सुट्ट्या घेऊन. आता एकही जपणार नाही. तुझं कुंकवाचं ताट काढेन. याच खणानारळानं आधी वसूकाकूंची ओटी भरेन, माझ्या हातानं, दार उघडं ठेवून, गल्लीला दिसेल अशी. मग त्यांचा हात धरून टेकडी चढेन. नीट भरता आली नाही तर काकू शिकवतील. मी शिकेन, आई.

तुझी,
मनू